आतड्यातले बॅक्टेरिया, आपलं जेवण आणि इम्युनिटी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

कोरोनापासून "इम्युनिटीसाठी काय घेऊ?" हा प्रश्न जो सुरू झालाय तो थांबायचं नाव घेत नाही. काढे झाले, गोळ्या झाल्या, आता "गट हेल्थ"ची, म्हणजे आतड्याच्या आरोग्याची, पावडर आलीये. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाचे एका ठिकाणी घेतलेत. थोडक्यात माझं मत आधीच सांगून टाकते: विकत आणून पोटात काहीतरी नवीन सोडण्यापेक्षा जे बॅक्टेरिया आत ऑलरेडी राहतायत त्यांना नीट खायला घाला. बाकी सगळं त्याच्या नंतर.

इम्युनिटीचा आणि पोटाचा काय संबंध? सर्दी तर नाकाला होते.

संबंध मोठा आहे, कारण आपल्या इम्यून सिस्टीमचा सगळ्यात मोठा कारभार आतड्यात चालतो. नीट विचार करा, बाहेरच्या जगातलं सगळ्यात जास्त काय आत येत असेल तर ते जेवण आणि पाणी, आणि त्याच्यासोबत जंतू, धूळ, काय काय. आणि हे सगळं आणि आपलं रक्त यांच्या मध्ये असतं काय, तर पेशींचा एक थर. एकच थर, आणि तोही दर तीन ते पाच दिवसांनी नवा होत राहतो. त्याच्यावर चिकट म्यूकस पसरलेला असतो आणि त्यात शरीर रोज काही ग्रॅम आयजीए नावाच्या अँटीबॉडीज सोडत असतं, ज्या जंतूंना चिकटून त्यांना भिंतीपर्यंत पोचू देत नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तर इम्यून पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात, पायर नावाच्या स्विस डॉक्टरने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं म्हणून त्यांना पायर्स पॅचेस म्हणतात. आतड्यातून काय चाललंय याचे सॅम्पल ते सतत तपासत असतात.

आता गंमत अशी की ज्या उंदरांना जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवतात, म्हणजे ज्यांच्या पोटात एकही बॅक्टेरिया नसतो, त्यांचे हे पुंजके नीट वाढतच नाहीत आणि आयजीएही फार कमी बनतं. त्यांच्या पोटात बॅक्टेरिया सोडले की गाडी बऱ्यापैकी रुळावर येते. म्हणजे बॅक्टेरियांशिवाय इम्यून सिस्टीमचं शिक्षणच अर्धवट राहतं.

आपल्या पेशींपेक्षा दहापट बॅक्टेरिया असतात म्हणे अंगात?

हे व्हॉट्सॲपवर अजून फिरतं. २०१६ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी नीट हिशोब मांडला तेव्हा निघाले साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि ३० लाख कोटी माणसाच्या पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीच. वजन म्हणाल तर सगळे मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, दोन किलो वगैरे नाही. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात.

ते तिथे बसून नेमकं करतात काय?

पहिलं काम म्हणजे जागा अडवणं. आपले नेहमीचे बॅक्टेरिया ठाण मांडून बसलेले असले की बाहेरून आलेल्याला ना जागा मिळते ना खायला. हे किती महत्त्वाचं आहे ते क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) नावाच्या जंतूमुळे कळलं. जास्त अँटीबायोटिक्स घेतलेल्या लोकांमध्ये हा माजतो आणि मग जुलाब काही केल्या थांबत नाहीत. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा पेशंटना निरोगी माणसाच्या शौचातले बॅक्टेरिया नळीने दिले (हो, बरोबर वाचलंत) आणि एकाच डोसमध्ये १६ पैकी १३ जण बरे झाले, नेहमीच्या औषधाने त्याच्या निम्मेही झाले नव्हते. फरक एवढा होता की ट्रायल मध्येच थांबवली. आज अमेरिकेत याची रीतसर मंजूर औषधं मिळतात. घरी करायची गोष्ट नाही ही, प्लीज.

दुसरं काम जास्त इंटरेस्टिंग आहे. आपण खातो त्यातलं फायबर आपल्याला पचत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे बॅक्टेरिया ते आंबवून छोटी फॅटी ॲसिड्स बनवतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. त्यातलं ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य जेवण, त्या पेशींची बहुतेक एनर्जी त्यातूनच येते. आणि २०१३ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या लॅब्जनी उंदरांवर दाखवलं की हीच ॲसिड्स रेग्युलेटरी टी सेल्स वाढवतात, म्हणजे इम्यून सिस्टीममधल्या त्या पेशी ज्यांचं काम बाकीच्यांना "बास झालं आता, शांत व्हा" सांगायचं असतं.

म्हणजे इम्युनिटी बूस्ट होते ना?

बूस्ट हा शब्दच मला खटकतो. दमा, ॲलर्जी, टाइप १ डायबेटीस, ऱ्हूमटॉइड आर्थ्रायटिस, अल्सरेटिव्ह कोलायटिस, हे सगळे इम्युनिटी चुकीच्या जागी जास्त चालल्यामुळे होणारे त्रास आहेत. सोसायटीचा वॉचमन चोरासोबत दूधवाल्यालाही काठी हाणायला लागला तर त्याला अजून मोठी काठी आणून देण्यात काय अर्थ आहे? आपल्याला हवा असतो माणूस ओळखणारा वॉचमन, आणि ती ओळख करून देण्यात आतड्यातल्या बॅक्टेरियांचा मोठा हात असतो. त्यामुळे डब्यावर "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेलं दिसलं की मी तरी डबा परत ठेवते.

मग खायचं काय ते सांगा.

फायबर आणि व्हरायटी. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम फायबर हवं. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, चोकरासकट गव्हाचं पीठ यांत १० ते ११. अख्ख्या मुगात १७ च्या आसपास आणि अख्ख्या हरभऱ्यात तर २५ (हे सगळे कच्च्या धान्याचे आकडे आहेत, शिजल्यावर पाणी धरून वजन वाढतं). पेरूत ८ च्या वर. म्हणजे आपल्या जुन्या ताटात, भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, फायबर आपोआप भरत होतं. मग भाकरीच्या जागी ब्रेड आला, उसळीच्या जागी पनीर आलं, कोशिंबीर तर पाहुणे आले की होते.

व्हरायटी का, तर वेगवेगळ्या बॅक्टेरियांना वेगवेगळं फायबर लागतं. अमेरिकेत हजारो लोकांचे नमुने तपासलेल्या एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये २०१८ ला दिसलं की आठवड्यात ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात बॅक्टेरियांची विविधता १० किंवा कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त असते. तीस ऐकून घाबरू नका. भोगीची भाजी आठवा: वांगं, गाजर, ओला हरभरा, मटार, पावटा, घेवडा, बोरं, शेंगदाणे, तीळ, वर कोथिंबीर, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एका ताटात अकरा झाले की! ऋषीची भाजीही तशीच. आपण ते वर्षातून एकदा करतो एवढाच काय तो प्रॉब्लेम.

आणि फरक लवकर पडतो. २०१५ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आफ्रिकन अमेरिकन लोकांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातलं भरपूर फायबरचं जेवण दिलं आणि तिकडच्या लोकांना अमेरिकन जेवण, मांस आणि फॅट जास्त. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, सूज कमी झाली, आणि बिचाऱ्या खेड्यातल्या लोकांचं बरोबर उलटं झालं.

तुपात ब्युटिरेट असतं, मग तूपच खाल्लं तर?

असतं, दुधाच्या फॅटमध्ये ३-४ टक्के ब्युटिरिक ॲसिड असतं. पण ते लहान आतड्यातच शोषलं जातं, जिथे हवंय त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही म्हणा ना. वरणभातावर तूप खा, चवीसाठी खा, पण ब्युटिरेटचं कारण सांगून चार चमचे ओतू नका.

घरचं दही प्रोबायोटिक आहे का?

काटेकोर बोलायचं तर प्रोबायोटिक म्हणजे असे जिवंत सूक्ष्मजीव की ज्यांचा ठराविक स्ट्रेन (म्हणजे एकाच जातीतला ठराविक उपप्रकार), ठराविक प्रमाणात, दिल्यावर फायदा होतो असं दिसलंय. आपण काय करतो, दूध कोमट झालं की बोट बुडवून बघतो, चमचाभर विरजण घुसळतो, झाकून ओट्यावर ठेवतो, थंडी असली तर भांडं गुंडाळून डाळीच्या डब्याशेजारी. रात्रभरात लॅक्टिक ॲसिड बनवणारे बॅक्टेरिया दुधातली साखर खाऊन दही लावतात. पण तुमच्या विरजणात कोणते आणि शेजारच्या काकूंच्या विरजणात कोणते, हे कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे लेबल लावता येणार नाही. म्हणून दही कमी दर्जाचं ठरत नाही हां, त्यात प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना दही चालतं.

दह्यातले बॅक्टेरिया पोटात कायमचे राहायला येत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. म्हणून रोज थोडं, हे जास्त बरं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डने ३६ लोकांवर ट्रायल केली, त्यात दही, केफिर (दह्यासारखं आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेला कोबी) असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातली विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रोटीन्स कमी झाली. त्याच ट्रायलमधल्या भरपूर फायबर खाणाऱ्या दुसऱ्या गटात मात्र तेवढ्या काळात विविधता एकंदरीत वाढली नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त माझ्या सोयीचं सांगितल्यासारखं होईल. आंबवलेल्या पदार्थांचं प्रमाण दिवसाला सहा सर्व्हिंग्जच्या आसपास होतं, म्हणजे एका वाटी दह्याकडून तेवढ्याची अपेक्षा नको.

इडली, कढी, आंबील, लोणचं... हे सगळं आंबवलेलंच ना?

इडली वाफवली, कढी उकळली, आंबील शिजवली की बॅक्टेरिया मेले. पण आंबवण्याचा फायदा शिल्लक राहतो: पचायला हलकं होतं, धान्यातलं फायटेट कमी होऊन लोह-झिंक जास्त मिळतं. जिवंत बॅक्टेरिया हवे असतील तर ताक, दही, शिजलेली आंबील गार झाल्यावर त्यात घातलेलं ताक. आपली बरीचशी लोणची मीठ आणि तेलात मुरवलेली असतात, त्यांना तोंडीलावणंच राहू द्या, मीठ फार असतं. व्हिनेगरवाली तर आंबवलेलीच नसतात.

शिळा भात चांगला की वाईट?

दोन्ही. भात गार झाला की त्यातला काही स्टार्च अशा रूपात जातो की तो आपल्याला पचत नाही, बॅक्टेरियांना मिळतो. गरम केला तरी त्यातला बराच टिकतो. पण रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो आणि त्याचं एक विष परत गरम करूनही जात नाही. तेव्हा उरला भात लवकर फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात, मजा करा.

प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेऊ का?

निरोगी माणसाने इम्युनिटीसाठी म्हणून? माझ्या मते पैसे वाया. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी असोसिएशननेही २०२० मध्ये पोटाच्या बहुतेक आजारांसाठी पुरावा पुरेसा नाही असंच म्हटलं. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी विशिष्ट स्ट्रेन लिहून दिला तर गोष्ट वेगळी.

पण "प्रोबायोटिक म्हणजे सगळी फसवाफसवी" असंही नाही. आपल्या ओडिशातच खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांवर ट्रायल झाली, २०१७ मध्ये छापून आली. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरमचा एक स्ट्रेन आणि त्याचं खाद्य दिलं. प्लासिबोच्या, म्हणजे नुसतं दिसायला तसंच पण औषध नसलेलं दिलेल्या, गटात ९ टक्के बाळांना सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) झाला किंवा ती दगावली, या गटात ५.४ टक्के. एवढा फरक! पण तो त्या स्ट्रेनचा, त्या बाळांमधला रिझल्ट आहे, मेडिकलमधल्या कुठल्याही पाकिटाला तो लागू नाही. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हॉस्पिटलमध्ये प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये उलट इशारा दिलाय, कारण त्यांच्यात तेच बॅक्टेरिया रक्तात जाऊ शकतात. केमो चालू असलेल्या माणसानेही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

अँटीबायोटिकचा कोर्स झाल्यावर पोट कसं सावरायचं?

आधी तो कोर्स गरजेचा होता का ते बघा. साधी सर्दी व्हायरसने होते, तिथे अँटीबायोटिकचा उपयोग शून्य आणि पोटातल्या बॅक्टेरियांचा सत्यानाश. डॉक्टरांनी दिलं असेल तर मात्र सांगितल्याप्रमाणे घ्या, मध्येच सोडू नका. नंतर बरंचसं पोट काही आठवड्यांत आपोआप भरून येतं, काही प्रकार मात्र महिनोन्महिने परत येत नाहीत. २०१८ मध्ये त्याच वाइझमनवाल्यांना दिसलं की कोर्सनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचं मूळचं पोट उलट उशिरा पूर्वपदावर आलं. अभ्यास छोटा होता पण विचार करायला लावणारा. मऊ खिचडी, ताक, केळं, मग हळूहळू उसळी, एवढं पुरतं.

बाळाच्या पोटात बॅक्टेरिया येतात कुठून?

जन्माच्या वेळी आईकडून, मग दुधातून, अंगाखांद्यावरून. आईच्या दुधात अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत! लॅक्टोज आणि फॅटनंतर दुधातला सगळ्यात मोठा घन भाग त्यांचाच. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियांसाठी. आई बाळासोबत बाळाच्या बॅक्टेरियांनाही जेवायला घालते. पहिल्या दिवसांचं पिवळसर घट्ट दूध तर आयजीएने भरलेलं असतं, ते पिळून टाकून मध-गुटी चाटवणं अजूनही कुठे कुठे चालतं, ते बंद करा. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. सिझेरियन झालं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, सुरुवातीचा फरक पुढे बराच भरून निघतो.

कुपोषणाचा यात काय संबंध? खायला कमी मिळतं म्हणून मुलं आजारी पडतात, सिंपल.

सिंपल नाहीये, आणि मला वाटतं खरा विषय हाच आहे, बाकी कॅप्सूल-बिप्सूल हे भरल्या पोटीचे प्रश्न. २०१९-२१ च्या एनएफएचएस या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. अस्वच्छ पाणी आणि सतत पोटात जाणारे जंतू यामुळे आतड्याचं अस्तर सुजतं, खाल्लेलं नीट शोषलं जात नाही, त्यातून कुपोषण वाढतं, कुपोषणाने इम्युनिटी उतरते, मग परत जुलाब. नुसतं जास्त खाऊ घालून ही साखळी तुटत नाही.

लसींवरसुद्धा परिणाम होतो. रोटाव्हॅक ही रोटाव्हायरस या जुलाब करणाऱ्या विषाणूवरची आपल्याकडची लस, तिची मोठी ट्रायल दिल्ली, पुण्याजवळ वढू आणि वेल्लोरला झाली, त्यात पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून संरक्षण ५६ टक्के मिळालं. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसी ८५-९० टक्क्यांच्या वर जातात. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज वगैरे बरीच कारणं आहेत, आतड्याची अवस्था हे त्यातलंच एक मानलं जातं. तरी लस द्यायचीच, रोटाव्हायरसचे निम्मे गंभीर जुलाब टळणं ही छोटी गोष्ट नाही.

आता चांगली बातमी. ढाक्यातल्या मीरपूरच्या झोपडपट्टीत बांगलादेशी संशोधक आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेफ्री गॉर्डन यांनी दीड वर्षाच्या आतल्या कुपोषित मुलांना बॅक्टेरिया डोळ्यासमोर ठेवून बनवलेला खाऊ दिला: हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, कच्ची केळी. २०२१ मध्ये रिझल्ट आला, नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा यात कॅलरी कमी होत्या आणि तरी मुलांची वाढ जास्त चांगली झाली. मेळघाट-पालघरला यातलं काय मिळत नाही, सांगा!

सोबतच्या साध्या गोष्टीही विसरू नका. जुलाब झाले की ओआरएससोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून मिळणारे व्हिटॅमिन एचे डोस चुकवू नका, कारण इम्यून पेशींना आतड्यापर्यंत पोचायला ते लागतं. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर घरगुती प्रयोग करत बसू नका, आशाताईंना सांगून लगेच दवाखाना गाठा.

आम्ही अमेरिकेत असतो. इथे येऊन पोट बिघडलं असं वाटतं, मनाचे खेळ की खरं?

खरं असू शकतं. आग्नेय आशियातून अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्या ह्माँग आणि कॅरेन लोकांवरच्या २०१८ च्या अभ्यासात काही महिन्यांतच पोटातली विविधता घटलेली दिसली, पुढच्या पिढीत आणखी. धान्य-भाज्यांवर जगणाऱ्यांमध्ये भरपूर असणारे प्रिव्होटेला नावाचे बॅक्टेरिया कमी झाले आणि बॅक्टेरॉइड्स नावाचे वाढले. भारतीयांमध्येही प्रिव्होटेला भरपूर असतात, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलंय. इंडियन स्टोअरमध्ये मटकी आणि ज्वारीचं पीठ मिळतं ना? मग फ्रोझन पराठ्यांच्या आधी ते उचला.

उपवासाने पोटाला आराम मिळतो ना?

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स याला उपवास म्हणत असाल तर नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. राजगिरा, शेंगदाणे, रताळं, फळं घ्या. फायबर फार दिवस मिळालं नाही तर बॅक्टेरिया आतड्यावरचा म्यूकसच खायला लागतात असं उंदरांमध्ये २०१६ ला दिसलंय. एका एकादशीने काही होत नाही, पण रोजच मैदा खाणाऱ्याने जरा मनावर घ्यावं.

उसळ खाल्ली की गॅस होतो, काय करू?

बॅक्टेरिया जेवले की गॅस होणारच. एकदम वाढवू नका, दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू वाटीवर या. भिजवून मोड आणले आणि भिजवलेलं पाणी टाकून दिलं की त्रास कमी होतो. आयबीएस (पोटदुखी, जुलाब-बद्धकोष्ठ असा सतत चालणारा आतड्याचा त्रास) असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून.

पोटातल्या बॅक्टेरियांची टेस्ट करून घेऊ?

नको. "नॉर्मल" काय हेच अजून ठरलेलं नाही, रिपोर्टवरून करणार काय?

डॉक्टरकडे कधी जायचं?

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, आठवड्यांमागून आठवडे चाललेला त्रास, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय. यात ताक-दही, इसबगोल, मैत्रिणीने सांगितलेलं चूर्ण, काहीही करत बसू नका.

रात्री दही खाल्लं तर सर्दी होते का?

सर्दी व्हायरसने होते, दह्याने नाही. पण रात्री खाऊन तुम्हाला घसा खवखवल्यासारखं वाटत असेल तर दुपारी खा की, दही काय घड्याळ बघत नाही.